तसूभर फरकाची गोष्ट: गजापासून कॅडपर्यंत

"तसूभरही मागे हटणार नाही" असे आपण मराठीत सहज बोलून जातो. तसू म्हणजे नेमके किती, असे विचारले तर बहुतेक जण बोटांची चिमूट दाखवतात. तसू हे एकेकाळी रोजच्या व्यवहारातले माप होते. गजाचा चोविसावा भाग म्हणजे एक तसू. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त गजाचे चोवीस 'तस्सूज' सांगितले आहेत. आपल्याकडच्या कागदपत्रांत तोच तसू या सुटसुटीत रूपात भेटतो. पुढे फूट आणि इंच आले, मग मीटर आला, आणि तसू फक्त बोलण्यात उरला, तोही 'अगदी क्षुल्लक' या अर्थाने.

गंमत अशी की तसू ज्या काळात वापरात होता, त्या काळात तसूभर फरकाने शेतकऱ्याचे घर बसू शकत होते. कारण माप कधी एकटे नसते. तसूवर हात अवलंबून, हातावर काठी, काठीवर बिघा, बिघ्यावर सारा. खालचे एक माप हलले की वरची सगळी उतरंड हलते. आज पुण्यातल्या कुठल्याही कॅडच्या क्लासमध्ये हीच गोष्ट 'डायमेन्शन लिंक करणे' या नावाने शिकवतात. शिकणाऱ्याला ती संगणकाची युक्ती वाटते. तिच्यामागचा इतिहास मात्र बराच लांबचा आहे, आणि त्यातला मोठा भाग दख्खनमध्येच घडला आहे.

आधी ही युक्ती काय आहे ते पाहू.

समजा, एका वर्कशॉपला पंपाची बॉडी आणि तिचे झाकण बनवायचे आहे. झाकण सहा बोल्टांनी बसते. ही सहा भोके ज्या वर्तुळावर येतात, त्याच्या व्यासाला आपले फिटर लोक 'पीसीडी' म्हणतात. तो ९० मिलिमीटर धरू. बॉडीच्या स्केचमध्ये ९० लिहिले, झाकणाच्या स्केचमध्येही ९० लिहिले. दोन्ही आकडे सारखे, म्हणून सगळे ठीक दिसते. मग गिऱ्हाईक सांगते, बोल्ट थोडे बाहेर घ्या, ९६ करा. ड्राफ्ट्समन बॉडीत ९६ करतो. झाकणाची फाईल दुसरी, ती कालच्या घाईत तशीच राहते. माल कापून झाल्यावर कळते की प्रत्येक भोक तीन मिलिमीटरने सरकलेले आहे. बोल्ट बसत नाही. लोखंड गेले, मशीनचा वेळ गेला, आणि मालक कारागिरावर ओरडतो. कारागिराने तर हाती दिलेल्या कागदाप्रमाणेच काम केलेले असते.

चूक कुठे झाली? दोन ठिकाणचे ९० हे दोन वेगळे आकडे नव्हतेच. ते एकच माप होते, दोनदा लिहिलेले. झाकणाचे माप बॉडीकडून आले होते, पण हे नाते कागदावर कुठेच नव्हते, ते फक्त ड्राफ्ट्समनच्या डोक्यात होते.

पॅरामेट्रिक कॅडमध्ये हे नाते लिहिता येते. बॉडीतल्या मापाला एक नाव द्यायचे, आणि झाकणाच्या स्केचमध्ये आकड्याच्या जागी ते नाव लिहायचे. पुढे जाऊन असेही लिहिता येते की झाकणाचा बाहेरचा व्यास म्हणजे पीसीडी अधिक २४. आता ९० चे ९६ केले की भोके, झाकण आणि मधले गॅस्केट तिन्ही आपोआप बदलतात. सॉलिडवर्क्समध्ये यासाठी 'ग्लोबल व्हेरिएबल' आणि 'इक्वेशन' आहेत, फ्रीकॅडमध्ये 'एक्स्प्रेशन' आणि 'स्प्रेडशीट' आहे. नावे निरनिराळी, काम तेच.

नाते जोडायच्या रीती मात्र तीन आहेत, आणि त्यांचे गुणदोष ठाऊक असले पाहिजेत. पहिली रीत म्हणजे एका स्केचने थेट दुसऱ्या स्केचमधले माप मागणे. छोट्या कामाला ही पुरते. पण वीस स्केच एकमेकांकडे मापे मागू लागले की कोण कुणावर अवलंबून आहे हे उमगेनासे होते. त्यात अ ने ब कडून माप घेतले आणि ब ने फिरून अ कडून, तर संगणक हात टेकतो. नाते एकाच दिशेने वाहावे लागते, पाटाच्या पाण्यासारखे. दुसरी रीत म्हणजे आकडा न घेता पहिल्या भागाची कडाच दुसऱ्या स्केचमध्ये उतरवून घेणे. ही सोपी वाटते, पण संगणक कडांना स्वतःचे क्रमांक देतो. मध्येच एक नवे भोक पाडले की क्रमांक सरकतात आणि आपले नाते भलत्याच कडेला जाऊन चिकटते. फ्रीकॅड वापरणाऱ्यांनी हे दुखणे वर्षानुवर्षे सोसले; नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत त्यावर बराचसा इलाज झाला. तिसरी रीत म्हणजे सगळी मुख्य मापे एका तक्त्यात किंवा एका मूळ स्केचमध्ये ठेवायची आणि बाकी सगळ्यांनी तिथूनच घ्यायची. मोठ्या कामात शेवटी सगळे याच रीतीकडे येतात.

ही तिसरी रीत म्हणजे जुन्या काळचा गज.

संगणकाच्या बाजूने इतिहास सांगायचा तर तो १९६३ पासून सुरू होतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' नावाचा प्रबंध सादर केला. पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने वेड्यावाकड्या रेघा काढायच्या आणि मग यंत्राला सांगायचे की या दोन समांतर कर, या दोन सारख्या लांबीच्या कर. यंत्र ती अट पाळत असे. एक मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती बदलत. कारखान्यांपर्यंत ही कल्पना यायला पुढे दोन दशके लागली. लेनिनग्राडहून अमेरिकेत गेलेले गणिती सॅम्युएल गाइसबर्ग यांनी १९८५ मध्ये पीटीसी ही कंपनी काढली, आणि त्या दशकाच्या अखेरीस तिचे 'प्रो-इंजिनिअर' बाजारात आले. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स आले आणि साध्या संगणकावर हे काम होऊ लागले. २००२ पासून फ्रीकॅड हे मोफत, कुणालाही वापरता येणारे सॉफ्टवेअर घडत आहे. पीटीसी, दासो सिस्टीम्स, सीमेन्स या तिन्ही मोठ्या कॅड कंपन्यांची केंद्रे पुण्यात आहेत. म्हणजे जगभरचे इंजिनिअर जी बटणे दाबतात, त्यांतल्या काहींमागचा कोड आपल्याच शहरात लिहिला जातो.

पण इतिहास १९६३ ला सुरू होतो असे मानले, तर त्याआधीचे लोक इमारती कशा बांधत होते?

स्वारगेटहून सोलापूरमार्गे विजापूरला जाता येते. तिथला गोल घुमट म्हणजे १६५६ मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची कबर. तिच्या रचनेशी याकूत दाभोळी हे नाव परंपरेने जोडले जाते, म्हणजे आपल्या कोकणातल्या दाभोळचे. आतले दालन १३५ फूट बाजूचा चौरस आहे आणि त्यावर बाहेरून १४४ फूट व्यासाचा घुमट. चौरसावर गोल कसा बसवायचा, हा सगळ्या घुमटांपुढचा जुना प्रश्न. इथे त्याचे उत्तर एकमेकांना छेदणाऱ्या आठ कमानींनी दिले आहे. नकाशात पाहिले तर दोन चौरस एकमेकांवर ४५ अंशांत फिरवून ठेवल्यासारखे दिसतात आणि त्यांच्या छेदातून आतला अष्टकोन तयार होतो.

या आठ कमानींचे पाय भिंतीत कुठे यावेत? ते आठ बिंदू समभुज अष्टकोनाचे धरले, तर त्या अष्टकोनाची बाजू १३५ ला २.४१४ ने भागून मिळते, म्हणजे सुमारे ५६ फूट. २.४१४ हा आकडा एक अधिक दोनाचे वर्गमूळ. गवंड्याला वर्गमूळ काढायची गरज पडत नाही. चौरसाच्या कोपऱ्यात खुंटी ठोकायची, तिथून चौरसाच्या मध्यापर्यंत दोरी ताणायची, आणि तीच दोरी फिरवून शेजारच्या दोन्ही भिंतींवर खूण करायची. चारही कोपऱ्यांतून हे केले की आठ खुणा मिळतात. कागदावर करून पाहा, अष्टकोन बिनचूक येतो. आता चौरस १३५ फुटांचा असो की १३ फुटांचा, रीत तीच. दोरीची लांबी चौरसाकडून येते आणि खुणा दोरीकडून. चौरस बदला, सगळे बदलेल. कॅडच्या भाषेत सांगायचे तर दालनाची बाजू हे एकच मोकळे माप, बाकी सगळी त्याला जोडलेली.

कारागिरांच्या या भूमितीवर ग्रंथही आहेत. दहाव्या शतकात बगदादच्या अबुल वफा अल-बुझजानी याने कारागिरांना लागणाऱ्या भूमितीच्या रचनांवर पुस्तक लिहिले. त्यात एक मोठा बोलका प्रसंग आहे. तीन सारखे चौरस कापून एक मोठा चौरस कसा करावा, यावर भूमितीतज्ज्ञ आणि कारागीर एकत्र बसून चर्चा करतात. अबुल वफा दोघांनाही सुनावतो. कारागीर डोळ्यांना बरोबर दिसले की समाधान मानतात, सिद्धतेची फिकीर करत नाहीत. आणि भूमितीतज्ज्ञ सिद्धता देतात, पण हातात लाकूड आले की त्यांना कापता येत नाही. हजार वर्षे झाली, आपल्या कारखान्यांत डिझाईन ऑफिस आणि शॉप फ्लोअर यांच्यात आजही हेच भांडण चालते.

त्यानंतर समरकंदला उलुग बेगच्या दरबारात जमशेद अल-काशी आला. १४२७ मध्ये त्याने 'मिफ्ताह अल-हिसाब' म्हणजे हिशेबाची किल्ली हा ग्रंथ पुरा केला. त्यात कमानी, घुमट आणि मुकर्नस यांची मापे काढायच्या रीती दिल्या आहेत. मुकर्नस म्हणजे कमानीच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखे थरावर थर असलेले काम. त्यात छोट्या छोट्या पाकळ्या शेकड्यांनी असतात. प्रत्येकीचे माप वेगळे मोजत बसले तर आयुष्य जाईल. अल-काशी एकच माप मुख्य धरतो, सर्वांत मोठ्या पाकळीच्या पायाचे. त्याला तो 'मिक्यास' म्हणतो. बाकीची मापे तो या मिक्यासच्या पटीत मांडतो. तुमचा मिक्यास सांगा, तुमच्या मुकर्नसला किती गिलावा, किती रंग लागेल ते काढून देतो, असा त्याचा रोख आहे.

आता इथे एक सावधगिरी. आपल्या समाजात काही जणांना सवय असते की कुठलाही शोध निघाला की तो आपल्या बापजाद्यांनी आधीच लावला होता, असे जाहीर करायचे. अल-काशीने कॅड शोधले असे मी म्हणणार नाही. त्याच्या ग्रंथात मिक्यास बदलला तर हिशेब माणसालाच पुन्हा करावा लागे. सदरलँडच्या यंत्राने तो माणसाच्या डोक्यावरून उतरवला, आणि हे काम मोठे आहे. अल-काशीने नातेच लिहून ठेवले, नुसता आकडा लिहिला नाही, हे कामही मोठेच. दोन्ही कबूल करायला आपले काही जात नाही.

मापांच्या नात्याची दुसरी बाजू सत्तेची आहे. मूळ माप ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकी सगळे.

अकबराच्या राज्यात जमीन तागाच्या दोरीने मोजत. 'आईन-ए-अकबरी'त तिची अडचण सांगितली आहे. दव पडले, दोरी भिजली की आखडायची. ऊन लागले, वाळली की लांबायची. सकाळी मोजणी झाली तर दोरी आखूड, म्हणून बिघे जास्त भरायचे आणि रयत बुडायची. दुपारनंतर मोजली तर बिघे कमी भरायचे आणि सरकार बुडायचे. कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी म्हणजे १५७४ च्या सुमारास दोरीच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू आणले गेले. सुधारणा एवढीच की मूळ माप हवेवर हलेनासे झाले. पण त्या एका बदलाने सबंध मुलखातल्या मोजणीवर परिणाम होत होता.

आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंच्या हाती जमीनमोजणीचे काम होते. सभासदाच्या बखरीत त्या काळच्या मापांचे कोष्टक आहे. हात चौदा तसूंचा. काठी पाच हात आणि पाच मुठींची, एकूण ८२ तसू. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. १२० बिघे म्हणजे एक चावर. पाहा, यात मोकळी मापे किती थोडी आहेत. तसू आणि मूठ पक्के केले की काठी, बिघा, चावर सगळे ठरले. गावच्या पाटलाला वा मोजणीदाराला मध्येच काही वाढवायला जागा उरत नाही.

आता तसूभर फरक करून पाहू. समजा, एखाद्या मोजणीदाराने चौदा तसूंच्या ऐवजी पंधरा तसूंचा हात धरला. पाच हातांत पाच तसू वाढले, काठी ८२ ची ८७ झाली. बिघा हा लांबी गुणिले रुंदी, म्हणून वाढ दोनदा लागते. बिघा सुमारे साडेबारा टक्क्यांनी मोठा झाला. जी जमीन आधी पुरी एक चावर म्हणजे १२० बिघे भरायची, ती आता जेमतेम १०७ बिघे भरेल. हात तेरा तसूंचा धरला तर उलटे होईल, रयतेच्या नावावर न पिकवलेले बिघे चढतील आणि त्यांचा सारा तिला भरावा लागेल. जमीन तेवढीच, माणूस तोच. फरक तसूभर. काठीची लांबी तसूंत लिहून ठेवण्यामागे हा शहाणपणा होता. जे लिहिले आहे ते तपासता येते.

आता स्वारगेटकडे येऊ. या नावातच फारसी 'सवार' आणि इंग्रजी 'गेट' शेजारी शेजारी उभे आहेत. इथे घोडेस्वारांची चौकी होती असे लोक सांगतात. सातारा, सोलापूर, कोल्हापूरकडच्या एसटी इथेच येतात, आणि शिकायला वा नोकरीला आलेली आपली कितीतरी मुले पुण्यात पहिले पाऊल इथेच टाकतात. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि स्वारगेट ते कात्रज या पुढच्या टप्प्याची पायाभरणीही त्याच दिवशी झाली. महामेट्रोने या कामासाठी त्रिमितीय संगणकी प्रतिमान वापरले. त्यात फलाट, जिने, नळ, विजेच्या तारा हे सगळे एकाच प्रतिमानात असते, आणि त्याला वेळ व खर्चही जोडलेले असतात. अशा कामात एका विभागाने माप बदलले आणि दुसऱ्याला कळलेच नाही, तर पंपाच्या झाकणासारखे नुसते लोखंड फुकट जाऊन भागणार नाही.

याच स्वारगेटला मार्च २०१९ मध्ये खोदकाम चालू असताना जमिनीखाली एक जुना भुयारी मार्ग सापडला. तो जुन्या पाणीपुरवठ्याचा भाग असावा असे तेव्हा सांगण्यात आले. शहराखाली दगडी बांधणीचा एवढा मोठा मार्ग होता आणि तो यंत्रे खाली उतरल्यावर समोर आला. बांधणाऱ्यांनी उतार मोजला असणार, रुंदी ठरवली असणार, कुठले माप कशावरून घेतले ते त्यांना तोंडपाठ असणार. काम टिकले, काम करणाऱ्यांच्या डोक्यातले नाते मात्र आजच्या नकाशापर्यंत पोहोचले नव्हते.

मला काळजी वाटते ती हीच. आपल्या समाजात हाताचे काम करणारे पुष्कळ. लेथवाले, फॅब्रिकेटर, गॅरेजवाले, गवंडी, सुतार. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानेही दाखवून दिले की मुस्लिम कामगारांत स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. या उस्तादांना मापांची नाती उत्तम कळतात. जिन्याच्या पायरीची उंची ठरली की रुंदी किती, पाइपचा व्यास ठरला की क्लॅम्प कितीचा, हे ते न बघता सांगतात. पण ते सगळे जबानी. शागीर्द दहा वर्षे राबला तर त्याच्या हाती लागते, नाही लागले तर उस्तादाबरोबर जाते. दुसरीकडे डिप्लोमा झालेली मुले कॅड शिकतात, बटणे पाठ करतात, आणि प्रत्येक स्केचमध्ये आकडे वेगवेगळे टाकतात, कारण कुठले माप कुठून येते हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते. अबुल वफाने ज्या दोघांना सुनावले, ते दोघे अजून वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले आहेत.

त्यांना एका खोलीत आणणे फार खर्चाचे नाही. फ्रीकॅडला पैसे पडत नाहीत. एक जुना संगणक, उस्तादाच्या दुकानातला एखादा नेहमीचा भाग, आणि शेजारी बसलेला मुलगा एवढे पुरे. मुलाने माप टाकताना विचारायचे, "चाचा, हे कशावरून घेतलं?" उस्तादाने सांगायचे, आणि मुलाने आकड्याच्या जागी ते नाते लिहायचे. मुख्य मापे एका तक्त्यात, प्रत्येकाला समजेल असे नाव, आणि पुढे कारण: हे माप गिऱ्हाईकाने दिले, हे यंत्राच्या मर्यादेने आले, हे त्या दोन्हींवरून निघाले. एवढे झाले की दुकानात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ज्ञान पहिल्यांदा कागदावर येईल. उस्तादाचा मान त्याने कमी होणार नाही. उलट, पुढे वाद झाला तर चूक कागदाची की कारागिराची, हे दाखवायला पुरावा राहील. आज तो पुरावा नसल्यामुळे नुकसान बहुतेक वेळा कारागिराच्याच मजुरीतून कापले जाते.

अल-काशीचा मिक्यास आपल्यापर्यंत पोहोचला, कारण त्याने तो लिहिला. काठीच्या ८२ तसूंचा हिशेब आज आपण पुन्हा मांडू शकतो, कारण सभासदाने तो नोंदवला. विजापूरचा घुमट उभा आहे, पण तो उभारणाऱ्या हातांनी दोरी कुठून कुठे ताणली, हे आपल्याला मागे जाऊन ताडावे लागते. पुढची पिढी आपल्याबद्दल नुसते अंदाज बांधत बसू नये, असे वाटत असेल तर आकडा लिहिण्याआधी त्याचे नाते लिहायची सवय आजच लावून घ्यायला हवी.